निरोप जसाच्या तसा

रेर बुराले आणि रेर ओदावा या दोन घराण्यांत गोळी सुटली की दोनच गोष्टींची शोधाशोध व्हायची. पुरुष आपापल्या बंदुका शोधायचे आणि अंबारोच्या घरची पोरं तिच्या चपला. चार दिवस, फार तर आठवडा गेला की कुणीतरी म्हातारा काठी टेकत दाराशी येणार आणि घसा खाकरून म्हणणार, हे ठरलेलंच असे, "अंबारो, जरा पलीकडं जाऊन ये बाई."

पलीकडं म्हणजे तिचं माहेर. बुरालेंच्या गावातून निघायचं, एल-कोरालेची विहीर डावीकडे टाकायची, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ओदावांच्या वस्तीवर पोचायचं. तीन तासांची वाट. दोन्हीकडे भाषा एक, नमाज एक, शेळ्यासुद्धा त्याच काळ्या डोक्याच्या. फरक काय, तर आठ पिढ्यांमागचा आजा वेगळा. तेवढ्यावर माणसं एकमेकांचे मुडदे पाडत होती.

त्या वाटेवर पुरुष दिसला तर टिपला जायचा, बाई नाही. बाईवर गोळी झाडण्यात मर्दुमकी नाही, आणि तिच्या जिवाचा मोबदलाही पुरुषाच्या निम्मा, मग काडतूस कशाला वाया घालवायचं? त्यातून अंबारो तर दोन्ही घरची. बुराले तिला ओदावांची म्हणत, ओदावा तिला बुरालेंकडची म्हणत. म्हणून ती निरोपाच्या कामाची. आणि म्हणूनच बाभळीखाली, जिथे बैठक बसायची, तिथे तिला जागा नव्हती. दोन्हीकडच्या बाईचं मत कुणाच्या बाजूनं धरायचं, असा म्हाताऱ्यांचा सवाल. एकाच घरच्या बायकांनाही तिथे जागा नव्हती, हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे. अंबारो काटेरी कुंपणाबाहेर चपला काढून बसायची, हाक मारली की आत जाऊन निरोप सांगायची आणि पुन्हा बाहेर येऊन बसायची.

निरोप मात्र जसाच्या तसा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकदा बुरालेंच्या एका रागीट म्हाताऱ्यानं तिच्या सख्ख्या भावाला, शिरेला, आईवरून शिवी पाठवली होती. तिनं ती भर बैठकीत शिरेच्या तोंडावर सांगितली. शिरे क्षणभर लाल झाला आणि मग फिस्सकन हसला. "अगं, ती तुझीही आई ना!" अंबारो म्हणाली, "मला काय माहीत. शिवी दिली होती, शिवी आणली." त्या दिवसापासून दोन्हीकडे तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

या वाटेवर ती पहिल्यांदा चालली ती सोळाव्या वर्षी. तिच्या चुलतभावानं इल्मी नावाच्या माणसाच्या थोरल्या भावाला मारलं होतं. म्हाताऱ्यांनी जनावरं ठरवली आणि वर एक मुलगी ठरवली. जिथे रक्त सांडलं त्या घरात नांदायला. ती मुलगी अंबारो. इल्मीशी तिचा निकाह लागला, चार मुलगे आणि शेवटची एक मुलगी झाली, पहिल्या मुलाला मेलेल्या दिराचं नाव ठेवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं दोन्ही घराण्यांत काठीसुद्धा उगारली गेली नाही. लोक उदाहरण द्यायचे ते तिचं. इल्मी तसा वाईट माणूस नव्हता. कमी बोलायचा, हात उगारत नसे, चहात साखर जास्त झाली तरी पिऊन टाकायचा. पहिल्या वर्षाबद्दल अंबारो कधी बोलत नसे आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं. पुढे पुढे तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की आपलं काही वाईट झालं नाही.

सगळ्यात धाकटी इदिल. सतरा वर्षांची, बडबडी, आईच्या पाठीवर बसून मोठी झालेली. त्या मुलखात आई मुलीला हाक मारतानाही 'हूयो'च म्हणते, म्हणजे आई, तेव्हा दिवसभर त्या घरात दोघी एकमेकींना "हूयो, हूयो" करत असायच्या आणि इल्मी वैतागायचा, "एका घरात दोन आया, मी जाऊ कुठं?" इदिलला शहरात सुईणीचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली होती. ईद झाली की जायचं. कागद तिनं पत्र्याच्या पेटीत कुराणाच्या खाली ठेवला होता आणि रोज एकदा काढून बघायची. अंबारोनं तिच्या संसारासाठी चटया विणायला घेतल्या होत्या त्या ती नऊ वर्षांची असल्यापासून. मुलीचं घर आईनं विणायचं, काठ्या वाकवायच्या, उंटावर लादून द्यायचं, ही रीतच. पाच चटया झाल्या होत्या, सहावी अर्धी.

त्या वर्षी पाऊस दोन्ही वेळा चुकला. एल-कोरालेवर रांगा लागल्या. कुणाच्या उंटिणी आधी, यावरून बाचाबाची झाली आणि गेदीनं, म्हणजे इल्मीच्या दुसऱ्या भावाच्या मुलानं, अवालेला गोळी घातली. अवाले ओदावांचा, अंबारोचा चुलतभाऊ. त्याला तिनं कडेवर खेळवलं होतं. पण नवऱ्याच्या गावात त्याच्यासाठी रडायचं कसं? ती शेळ्यांच्या कुंपणात गेली, तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि शेळ्यांच्या ओरडण्यात आपलं रडणं मिसळून टाकलं. बाहेर आली तेव्हा म्हातारा हाजी दुआले, बुरालेंचा मुख्य, दाराशी उभाच होता. "अंबारो, जरा पलीकडं..."

ती गेली. एकदा, दोनदा, तीनदा गेली. त्या तीन खेपांत बुरालेंची दोन पोरं आणि ओदावांचं एक पुरलं गेलं. बुराले म्हणत, जनावरं घ्या. ओदावा म्हणत, गेदीला द्या. तिसऱ्या खेपेला निरोप सांगून झाल्यावर तिला उठवेना. ओदावांच्या वतीनं बोलणारा शिरे काठीनं मातीत रेघा ओढत बसला होता.

"गेदीला ते देणार नाहीत, शिरे. तू दिला असतास?"

शिरे रेघा ओढतच राहिला.

"जनावरं घे आणि मुलगी माग. गेदीची सख्खी बहीण आहे, उबाह. गुणी पोर आहे, अख्खा कळप एकटी सांभाळते. जनावरं काय, दुष्काळात मरून जातात. मुलीला मूल झालं की मग कोण कुणावर गोळी झाडणार? माझ्याकडं बघ ना."

शिरेनं मान वर केली. "हा बुरालेंचा निरोप, का तुझा?"

"माझा."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं निरोपात स्वतःचं काही घातलं होतं. परत येताना तिचे पाय हलके झाले होते, हे तिला नंतर आठवायचं आणि स्वतःचीच शिसारी यायची. आपण दोन्ही घरं वाचवली, असं त्या वाटेवर तिला वाटलं होतं.

बाभळीखालच्यांना ते लगेच पटलं. उबाहची आई दीको, अंबारोची मोठी जाऊ, धावत आली. "तू सुचवलंस? अगं, तुझ्या मांडीवर वाढली ती! तिच्या भावानं ज्याला मारलं, त्याच्या भावाच्या घरात घालतेस तिला?"

"मला घातलं होतंच की. मेले का मी?"

"अंबारो, पाया पडते."

"एका पोरीपायी किती पोरं पुरायची, दीको?" अंबारो म्हणाली. आवाज चढवून नाही, समजुतीनंच म्हणाली. दीकोनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच पाहते आहे, आणि निघून गेली.

मग शहरातून संस्थेच्या बाई आल्या, साग्ल नावाच्या. हातात फाइल, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलायला गोड. समझोत्यात बायकांचा सहभाग किती, हे त्यांना लिहून न्यायचं होतं. हाजी दुआलेनं दाढीवरून हात फिरवत कुंपणाबाहेर बोट दाखवलं. "हिनंच तर सगळं केलं. आम्ही नुसते बसलो होतो." साग्लबाईंनी अंबारोचा फोटो काढला, एकदा चटई विणताना आणि एकदा हसताना.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पुरुष खात नावाचा नशेचा पाला चघळत सावलीला पडले असताना, दीकोचा भाऊ साखरेच्या पोत्यांचा ट्रक घेऊन गावात आला आणि पोती उतरवून उबाहला घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला: शहरात तिचा निकाह लागला, ट्रकवरच्याच एका माणसाशी. लागलेला निकाह कोण मोडणार? गावभर शिव्याशाप झाले. अंबारोनंही दिले. "शब्द घालवला आमचा," ती चुलीशी बसून म्हणाली. "आता ओदावांना तोंड कसं दाखवायचं?"

शेजारी पीठ मळत बसलेली इदिल म्हणाली, "पण हूयो, बरंच झालं की उबाहचं."

"तुला नाही कळायचं," अंबारो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. अंबारो नेहमीप्रमाणे कुंपणाबाहेर, चपला शेजारी. आत म्हातारे हिशेब घालत होते: गेदीची बहीण गेली. दुसरी बहीण? नाही. मग काकाची मुलगी. काका किती? एकच. तेव्हा कुठे अंबारोला उमगलं. गेदीचा काका म्हणजे इल्मी.

"इल्मी, तुझी मुलगी," हाजी दुआलेचा आवाज आला.

मग इल्मी म्हणाला, "बरं."

अंबारो अनवाणीच आत शिरली. हाक मारल्याशिवाय ती आजवर आत गेली नव्हती. "अदेर, मी बोलू?"

अदेर म्हणजे काका. सगळं गाव त्याला तेच म्हणायचं. "बोल की पोरी. हे पहिल्यांदा सुचवलंस तीच तर तू."

"इदिल शिकायला चाललीय. सुईण होणार आहे ती. गावाला उपयोग होईल."

"उत्तमच झालं. ओदावांच्या बायकांना काय बाळंतपणं नाहीत का?" कुणीतरी हसलं. हाजी हसला नाही. "आणि परक्यात कुठं जातेय? आजोळी जातेय. तुझ्याकडं बघूनच तर आम्हाला असला निर्णय घ्यायचा धीर होतो, अंबारो."

"ज्याला द्यायची तो सुगुले पंचेचाळिशीचा आहे, अदेर. अवालेचा थोरला भाऊ. नात्यानं इदिलचा मामा लागतो. लहानपणी मांडीवर बसून खेळलीय ती त्याच्या."

"सख्खा नव्हे ना? मग शरियतला चालतं." म्हातारा काठीवर रेलून पुढे वाकला आणि अगदी मायेनं म्हणाला, कारण तो खरोखरच दुष्ट नव्हता, "दीको माझ्याकडं रडत आली होती. तू तिला काय म्हणालीस, ते तिनं सांगितलं. एका पोरीपायी किती पोरं पुरायची? मला पटलं ते. आता तुला का पटेना?"

अंबारो बाहेर आली, चपला घातल्या आणि सरळ ओदावांच्या वाटेला लागली. पहिल्यांदाच, कुणी न पाठवता.

शिरे तिला बघून उठून उभा राहिला. "शिरे, इदिल नको म्हण," ती धापा टाकत म्हणाली. "जनावरं दुप्पट माग, माझ्या शेळ्या घे, पण मुलगी नको म्हण."

"मी मागितली नव्हती," शिरे म्हणाला. "तू माझ्या डोक्यात घातलंस. मी ते माझ्या माणसांच्या डोक्यात घातलं. आता बंदुका खाली ठेवल्यात त्यांनी. मी नको म्हटलं तर आधी माझ्यावर उचलतील." आणि मग मान फिरवून, "मी आहे ना इथं. मी बघेन तिच्याकडं."

परतताना तिनं साग्लबाईंचा नंबर लावला. त्यांना खरंच वाईट वाटलं. असं व्हायला नको, हे कायद्यात बसत नाही, मी वर बोलते, असं त्या म्हणाल्या. पुढचे सगळे दिवस तो फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

सहावी चटई अंबारोनं चार दिवसांत पुरी केली. दीको मदतीला आली, न बोलावता. दोघी समोरासमोर बसून विणत होत्या. दीकोनं टोमणा मारला असता तर अंबारोला बरं वाटलं असतं. पण ती नुसत्या गाठी मारत राहिली. इदिल रडली, दोन दिवस जेवली नाही, बापाशी बोलायची थांबली. तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतला कागद काढला, चूल पेटवायला घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा घडी घालून कपड्यात ठेवला. "तूच सुचवलंस ना, हूयो?" एवढंच तिनं विचारलं. अंबारोनं मान हलवली. खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

काठ्या आणि चटया उंटावर लादल्या. तो उंट ओढत न्यायलाही अंबारोच, कारण त्या वाटेवर अजून पुरुषाची खात्री नव्हती. एल-कोरालेच्या अलीकडे इदिल थांबली. "हूयो, तुझं पहिलं वर्ष कसं होतं?"

पहिलं वर्ष. सासूनं तिच्या हातचं पाणी जमिनीवर ओतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतरही. अकरा महिने तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. अगं नाही, तू नाही, नुसतं चुटकी वाजवून बोलावणं. आणि मेलेल्या दिराच्या चपला. सासू रोज सकाळी त्या दाराशी आणून ठेवायची आणि अंबारोनं त्या तळहातानं पुसून, जोडीनं नीट लावून ठेवायच्या, मग दिवस सुरू करायचा. मुलगा झाला, त्याला त्या माणसाचं नाव ठेवलं, तेव्हा कुठे चपला पेटीत गेल्या. इल्मी हे सगळं बघायचा आणि कमी बोलायचा.

"बरं होतं," अंबारो म्हणाली.

इदिलनं तिच्याकडे पाहिलं. अंबारोनं उंटाची दोरी आवळल्यासारखं केलं. जन्मात एक निरोप बदलला नाही अशी बाई, आणि स्वतःचा निरोप पोटच्या पोरीला खोटा देऊन मोकळी झाली. खरं सांगितलं असतं तर पोरीनं पुढे पाऊल टाकलं नसतं.

ओदावांच्या वस्तीवर तिनं मुलीचं घर उभं केलं, सहा चटया बांधल्या आणि मोकळा उंट घेऊन परत आली. त्यानंतर तिनं त्या वाटेवर पाऊल टाकलं नाही. मुलीला भेटायलासुद्धा नाही. तेवढं धाडसच तिला होत नव्हतं. निरोपाचं काम निघालं तरी म्हणायची, गुडघे धरलेत.

पुढच्या सुगीआधीच, सहा महिन्यांत, एल-कोरालेवर पुन्हा गोळी सुटली. पुन्हा बुरालेंच्याच पोराची. पुन्हा ओदावांचा एक मेला. दुष्काळ तोच होता, विहीर तीच होती, पाणी तेवढंच होतं. हे मुलीच्या चटयांनी मिटणारं नव्हतं, हे अंबारोला आता कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

आठ दिवसांनी सकाळी पोरं ओरडत आली, पलीकडून निरोप आला! पांढरी ओढणी घेतलेली एक बाई एकटीच वाटेनं येत होती. अंबारोनं चाल ओळखली. अंबारो गेली नाही म्हणून ओदावांनी आपल्या घरातली दोन्हीकडची बाई शोधली होती. तीही काही लांब शोधायला लागली नव्हती.

इदिल कुंपणाबाहेर थांबली. हाक आली तशी आत गेली. बाहेरून अंबारोला सगळं ऐकू येत होतं. तोच बडबड्या पोरीचा आवाज, पण चढ ना उतार: "ते म्हणतात, मागची मुलगी मागच्या जिवाची होती. हा जीव वेगळा. त्यांना जनावरं हवीत आणि आणखी एक मुलगी हवी. एवढाच निरोप आहे." मग ती बाहेर आली आणि रिवाजाप्रमाणे उत्तराची वाट बघत मातीत बसली. आत म्हातारे घरं मोजायला लागले. कुणाची बहीण, कुणाच्या काकाची मुलगी.

अंबारो उंटिणीचं दूध घेऊन आली, चपला काढून तिच्याशेजारी बसली. पोर वाळली होती. पोट दिसत होतं, पाच महिन्यांचं असेल. तिनं तेच विचारलं, जे तिला आजवर इदिलशिवाय कुणी विचारलं नव्हतं.

"कसं आहे तिथं, हूयो?"

इदिल आतल्या बोलण्याकडे कान देऊन होती. तिचा हात आपोआप पुढे गेला. तिनं अंबारोच्या चपला उचलल्या, एकेक करून तळहातानं माती पुसली आणि दोन्ही जोडीनं नीट लावून ठेवल्या.

"बरं आहे," ती म्हणाली.